‘आम्हाला बाजार कळतो’ म्हणणाऱ्या मालकांचा होकार कसा मिळवायचा

बेळगाव, निपाणी, गोकाक, अथणी या पट्ट्यातल्या बहुतेक कंपन्या घरच्या आहेत. वडिलांनी सुरू केलेलं, आता दोघे भाऊ बघतात, पुतण्या नुकताच एमबीए करून आलाय. चटणी-मसाला, फरसाण, कुंदा, करदंट, शहापूर-वडगावच्या मागावरच्या साड्या, कोल्हापुरी चपला, बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतली कास्टिंग्ज. अशा ठिकाणी मार्केटिंगच्या नोकरीला लागलेल्या मुलामुलींना एक वाक्य हमखास ऐकावं लागतं: ‘सर्वे कशाला पायजे? चाळीस वर्षं बाजारात हाय आम्ही.’

हे वाक्य खोटं नसतं. मालकांना बाजार खरंच कळतो. रविवार पेठेतल्या कुठल्या होलसेलरची उधारी कधी सुटते, उसाची बिलं जमा झाली की रायबाग-चिकोडीकडे माल कसा उठतो, हे त्यांना तोंडपाठ असतं. मात्र त्यांचं हे ज्ञान दुकानाच्या काउंटरपर्यंत येऊन थांबतं. पुडी घरी गेल्यावर तिचं काय होतं, शेजारची बाई दुसऱ्याच कंपनीची का घेते, जो कधीच आपलं गिऱ्हाईक झाला नाही त्याचं म्हणणं काय, हे डीलर सांगत नाही. बऱ्याचदा त्यालाही ठाऊक नसतं. बाजार-संशोधनाची नवी पद्धत मालकांकडे मागायची ती एवढ्याच भागासाठी. ‘तुमचं चुकतंय’ असा नुसता वास आला तरी विषय तिथेच संपतो.

पुढच्या पायऱ्या मी एका काल्पनिक कंपनीवर बेतून सांगतो. निपाणीजवळ कांदा-लसूण चटणी करणारी कंपनी, माल बेळगाव जिल्ह्यात, गडहिंग्लज-कागलकडे आणि चोर्ला घाटातून गोव्यात जातो.

पायरी १: आधी अडलेला निर्णय शोधा

नवे लोक पद्धतीपासून सुरुवात करतात. कॉलेजात कॉन्जॉइंट (भाव, आकार, पाकीट अशा गोष्टींच्या जोड्या दाखवून गिऱ्हाईक कशाला किती महत्त्व देतं ते काढायची पद्धत) शिकलेलं असतं, ते कुठेतरी वापरायचं असतं. मालकांना त्यात काडीचा रस नसतो आणि का असावा? त्यांच्या टेबलावर पडून असतो तो निर्णय: २०० ग्रॅमच्या पुडीचा भाव वाढवायचा का, गोव्यात स्वतःचा माणूस ठेवायचा का, पाकिटाचं डिझाइन बदलायचं का.

पहिले काही आठवडे फक्त ऐका. ज्या विषयावर दोघे भाऊ दर सोमवारी वाद घालतात आणि तो पुढच्या सोमवारवर ढकलतात, तो तुमचा विषय. त्यातही असा निवडा की चूक झाली तर पैसे बुडतील आणि परत फिरता येणार नाही. पाकिटाचं डिझाइन हे याचं उत्तम उदाहरण. छापील लॅमिनेट पाऊचसाठी प्रत्येक रंगाचा वेगळा सिलिंडर कोरून घ्यावा लागतो, आणि फिल्मची किमान ऑर्डरही मोठी असते. सहा रंग म्हणजे सहा सिलिंडर. एकदा ते झाले की डिझाइन पसंत पडो न पडो, गोदामातलं फिल्म संपेपर्यंत तेच चालवायचं. म्हणून सिलिंडरची ऑर्डर जाण्याआधीचा महिना ही तुमची खिडकी. आधीच्या वर्षी किती फिल्म भंगारात गेलं, हा आकडा स्टोअरकीपरकडून घेऊन ठेवा. संशोधनाचा खर्च त्या आकड्याशेजारी मांडला की बोलणं सोपं जातं.

एका कागदावर तीन ओळी लिहा. निर्णय कोणता, कधीपर्यंत घ्यायचा, चुकला तर किती रुपये जातील. पद्धतीचं नाव या कागदावर येऊ देऊ नका.

पायरी २: घरातली माहिती आधी पालथी घाला

टॅलीमध्ये, म्हणजे हिशोबाच्या सॉफ्टवेअरमध्ये, विक्रीची बिलं पडून असतात. प्रत्येक बिलावर गाव, तारीख, माल. ती गावानुसार आणि महिन्यानुसार लावली तर एक फुकटचा नकाशा तयार होतो: कुठल्या गावात मोठी पुडी थांबली आणि छोटी वाढली, कुठला डीलर तिमाहीच्या शेवटी माल उचलून पुढच्या महिन्यात परत पाठवतो. परत आलेल्या मालाची नोंद बहुतेक कंपन्यांत कुणीच वाचत नाही. तुम्ही वाचा.

याचे दोन फायदे. एक तर प्रश्न नेमका होतो. दुसरं म्हणजे अकाउंटंट तुमच्या बाजूला येतो, आणि घरच्या कंपनीत अकाउंटंटचा शब्द मार्केटिंगच्या पोरापेक्षा कितीतरी जड असतो. फक्त त्याच्याकडे महिन्याच्या ११ आणि २० तारखेच्या आसपास जाऊ नका, तेव्हा जीएसटीचे रिटर्न भरायचे असतात.

पायरी ३: कोण कशाला भितो ते ओळखा

मीटिंगमध्ये होकार मिळत नाही. तो आधी एकेकाकडून मिळवायचा असतो, मीटिंगमध्ये फक्त जाहीर होतो.

थोरल्या मालकांना भीती असते आपल्या अंदाजाची परीक्षा होईल याची. धाकट्यांना पैशांची. उत्पादन बघणाऱ्याला वाटतं आता चव बदलायला सांगतील. पण खरा अडसर बहुतेक वेळा सेल्स मॅनेजर असतो, आणि त्याचा राग समजण्यासारखा आहे. वीस वर्षं गिऱ्हाइकाचं म्हणणं मालकांपर्यंत नेणारा तोच होता. आता तुम्ही थेट गिऱ्हाइकाकडे जाणार, म्हणजे त्याच्या कामावर नजर ठेवणार, असं त्याला वाटतं. कधीकधी ते खरंही असतं. त्याला वगळून काही करू नका. चाचणीची दुकानं निवडायची त्यालाच विनंती करा, पण एक अट घालून: यादी त्याने करावी, त्यातली दुकानं चिठ्ठ्या टाकून काढावीत. नाहीतर तो आपल्या ओळखीची, माल चांगला खपणारी दुकानं देईल, आणि निकाल आधीच ठरलेला असेल.

पायरी ४: मालकांचा अंदाज आधी लिहून घ्या

सगळ्या लेखातली हीच पायरी मला सगळ्यात महत्त्वाची वाटते, आणि हीच लोक टाळतात कारण मागायला संकोच वाटतो.

चाचणी सुरू होण्यापूर्वी प्रत्येकाला एक चिठ्ठी द्या. ‘मालक, तुमच्या मते दहापैकी किती बायका नवीन पाकीट उचलतील? फक्त आकडा लिहा.’ दोघे भाऊ, सेल्स मॅनेजर, अकाउंटंट, सगळ्यांचा आकडा लिफाफ्यात बंद. लिफाफा अकाउंटंटच्या कपाटात.

हे न केल्यास काय होतं ते कुठल्याही कंपनीत बघा. निकाल मनासारखा आला तर ‘हे तर आम्हाला माहीतच होतं, पैसे कशाला घालवले?’ आणि उलट आला तर ‘तुमचा सर्वे चुकला’. दोन्हीकडून मार. अंदाज लिहिलेला असला की चौघांचे चार वेगळे आकडे समोर येतात, आणि आपण सगळे एकच बाजार जाणतो हा समज आपोआप सैल होतो. तुम्हाला तोंड उघडावंच लागत नाही. शिवाय थोरल्यांचा अंदाज बरोबर निघाला, तर त्यांचा संशोधनावर विश्वास बसतो. असं बऱ्याचदा होतं. त्यांचा मान राहिला की पुढच्या चाचणीची वाट मोकळी.

चिठ्ठीबरोबर आणखी एक ओळ लिहून घ्या: कुठला आकडा आला तर आपण काय करणार. ‘दहापैकी सहापेक्षा कमी आल्या तर जुनंच पाकीट ठेवू.’ सही घ्या. सहीचा आग्रह उद्धट वाटत असेल तर मीटिंगच्या टिपणात लिहून सगळ्यांना व्हॉट्सॲपवर पाठवा, तेवढं पुरतं.

पायरी ५: छोटी चाचणी, जुन्या पद्धतीच्या शेजारी

जुनं बंद करून नवं सुरू करा असं कधीही सुचवू नका. डीलर मीटिंग, सेल्समनचा रोजचा रिपोर्ट, सगळं चालू राहू दे. त्याच प्रश्नावर, त्याच महिन्यात, नवी पद्धत शेजारी चालवा आणि दोन्हींचं उत्तर एकाच कागदावर ठेवा.

चटणीच्या कंपनीला परवडतील अशा तीन पद्धती.

दुकानातली अदलाबदल. सहा दुकानं घ्या, तीनमध्ये नवं पाकीट, तीनमध्ये जुनं. दोन आठवड्यांनी उलटं करा. अदलाबदल केल्यामुळे ‘ते दुकानच मोक्याचं होतं’ हा वाद उरत नाही. नमुन्याची पाकिटं डिजिटल छपाईवर थोडी करून मिळतात, सिलिंडर लागत नाही.

व्हॉट्सॲप डायरी. पंधरा-वीस घरं, दोन आठवडे. संध्याकाळी स्वयंपाक झाला की एक फोटो आणि अर्ध्या मिनिटाचा आवाज: आज कशात किती चटणी घातली, डबा कुठला. लिहायला लावू नका, बोलू द्या. यातून असं काही कळतं जे प्रश्नावलीत विचारायचं सुचलंच नसतं. पाकिटाचा पुढचा भाग तुम्ही महिनाभर घासूनपुसून केलात आणि घरोघरी चटणी पहिल्याच दिवशी स्टीलच्या डब्यात ओतली जाते, असं दिसू शकतं. मग भांडण डिझाइनचं राहतच नाही.

भावाचे चार प्रश्न. डच अर्थतज्ज्ञ पीटर व्हॅन वेस्टेनडॉर्प यांनी १९७६ मध्ये मांडलेली ही पद्धत, साधी आणि स्वस्त. किती किमतीला ही इतकी महाग वाटेल की घेणारच नाही? किती किमतीला महाग वाटेल पण घ्याल? किती किमतीला स्वस्तात मिळाली असं वाटेल? आणि किती किमतीला इतकी स्वस्त वाटेल की मालाबद्दलच शंका येईल? चौथा प्रश्न मालकांना हटकून आवडतो. लोक तोंडाने सांगतात तेवढे पैसे देतातच असं नाही, ही मर्यादा मात्र आधीच सांगून टाका.

कॉन्जॉइंट नंतर. त्याला नमुना मोठा लागतो, आकडेमोड सॉफ्टवेअरवर करावी लागते, आणि पहिल्याच चाचणीत मालकांना न कळणारं काही आलं तर ते विश्वास ठेवणार नाहीत. बरोबरच आहे त्यांचं.

सीमाभागात चाचणी करताना

इथे थोडं थांबायला हवं, कारण पुण्या-मुंबईच्या पुस्तकातलं इथे जसंच्या तसं चालत नाही.

निपाणी आणि कागल यांत सुमारे २० किलोमीटर अंतर. राज्यं दोन, चव जवळपास एक, डीलर वेगळे. पाकीट किंवा मांडणी तपासायला ही जोडी फार छान: एकीकडे नवं, दुसरीकडे जुनं. पण भाव तपासायला हीच जोडी घातक. निपाणीत पुडी पाच रुपयांनी स्वस्त ठेवलीत की आठवड्यात कुणीतरी टेम्पो भरून कागलला नेतो, आणि तुम्हाला वाटतं निपाणीची मागणी वाढली. शिवाय एकाच पुडीवर दोन ठिकाणी दोन एमआरपी छापणं पॅकबंद मालाच्या नियमांत अडचणीत आणू शकतं. भाव तपासायचाच असेल तर छापील किंमत एकच ठेवून गिऱ्हाइकाला कूपनवर सूट द्या.

खानापूर आणि निपाणीकडे मराठी चालते, गोकाक, सौंदत्ती, रामदुर्गकडे कन्नड, बेळगाव शहरात एकाच गल्लीत दोन्ही आणि उर्दू. प्रश्नावली कन्नडमध्ये करून घेताना मराठीवरून शब्दशः उतरवू नका. कन्नड बोलणाऱ्याला हेतू सांगा आणि त्याच्या तऱ्हेने प्रश्न विचारायला लावा, मग दुसऱ्या कुणाकडून ते परत मराठीत सांगून घ्या. फरक पडला असेल तिथे कळतो. विचारणारा आणि उत्तर देणारा एकाच भाषेतले असू देत. मोडक्यातोडक्या भाषेत विचारलं तर समोरचा सभ्यपणे ‘चांगली आहे’ म्हणतो आणि दार लावतो.

मातृभाषा कोणती, हा प्रश्न घालू नका. ‘कुठल्या भाषेत बोलू?’ एवढं विचारलं की काम होतं. हातात कागद घेऊन घरोघरी फिरणारा माणूस आपल्याकडे सरकारचा किंवा पक्षाचा समजला जातो, म्हणून पहिल्या वाक्यात कंपनीचं नाव, दुसऱ्यात चटणी. १ नोव्हेंबरच्या आसपास फिल्डवर्क नकोच. एकीकडे कर्नाटक राज्योत्सव, दुसरीकडे मराठी भाषकांचा काळा दिवस, मधल्या गल्लीत तुमचा फिल्डवर्कचा मुलगा चटणीचा नमुना घेऊन उभा, हे चित्र कुणालाच परवडणारं नाही. डिसेंबरात सुवर्णसौधमध्ये कर्नाटक विधिमंडळाचं अधिवेशन असलं तर बाहेरून बोलावलेल्या माणसांना बेळगावात खोली मिळणंही अवघड.

या अडचणी मालकांना सांगायच्या त्या तक्रार म्हणून नव्हे. तीन बाजारपेठा, दोन-तीन भाषा, वेगवेगळे डीलर, आणि ऐकणारे कान मात्र काउंटरवरचेच: नवी पद्धत का हवी याचं याहून चांगलं कारण दुसरं नाही.

पायरी ६: ‘दोनशे माणसांस्नी विचारून काय कळतंय?’

हा प्रश्न येणारच. उत्तर पाठ करून ठेवा.

नमुना चिठ्ठ्या टाकल्यासारखा यादृच्छिक असेल, तर १०० जणांत टक्केवारी साधारण १० टक्के इकडेतिकडे होऊ शकते, २०० मध्ये ७, ४०० मध्ये ५, १,६०० मध्ये अडीच. चूक निम्मी करायची तर माणसं चौपट लागतात. मालकांना विचारा, ‘सात टक्के इकडेतिकडे झाल्याने आपला निर्णय बदलतो का?’ बहुतेक वेळा बदलत नाही. मग दोनशे पुरे, जास्तीचे पैसे वाचले.

पण हे आकडे बेळगावच्या खडे बाजारात उभं राहून समोर येईल त्याला विचारण्याला लागू होत नाहीत. माणसं किती, यापेक्षा ती कशी निवडली याला महत्त्व. १९३६ च्या अमेरिकन निवडणुकीत ‘लिटररी डायजेस्ट’ साप्ताहिकाने सुमारे एक कोटी लोकांना कार्डं पाठवली, वीस लाखांहून जास्त परत आली, आणि त्यावरून रिपब्लिकन उमेदवार आल्फ लँडन जिंकणार असं सांगितलं. रूझवेल्ट ४८ पैकी ४६ राज्यं जिंकले. जनमत चाचण्या घेणाऱ्या जॉर्ज गॅलप यांनी त्यामानाने अगदी थोड्या लोकांना विचारून बरोबर सांगितलं होतं. साप्ताहिकाच्या याद्या टेलिफोन आणि मोटार असणाऱ्यांच्या, म्हणजे पैसेवाल्यांच्या होत्या, आणि ते मंदीचे दिवस होते. आपल्या डीलर मीटिंगला येणारे साठ डीलर हीदेखील अशीच यादी आहे. हे शेवटचं वाक्य सेल्स मॅनेजर खोलीत नसताना बोला.

डायरीच्या पंधरा घरांना टक्केवारी लावू नका. त्यातून ‘असंही होतं’ एवढं कळतं, ‘किती जणांचं होतं’ ते नाही. हा फरक तुम्ही स्वतःहून सांगितलात तर तुमच्या बाकीच्या आकड्यांवर विश्वास वाढतो.

पायरी ७: निकाल एका पानावर

चाळीस स्लाइड नकोत. वर निर्णय, त्याखाली आधी लिहिलेले अंदाज, त्याखाली आलेला आकडा, शेवटी ठरलेला नियम. अंदाजांचा लिफाफा तिथेच फोडा. मग डायरीतले तीन आवाज ऐकवा. गोकाकच्या बाईचा आवाज कन्नडमध्येच ऐकवा, खोलीतल्या सगळ्यांना कळतो.

निकाल थोरल्यांच्या विरुद्ध गेला असेल तर तो आदल्या दिवशी त्यांना एकट्याला सांगा. धाकट्या भावासमोर आणि सेल्सच्या माणसांसमोर पहिल्यांदा ऐकायला लागला तर ते आकड्याशी नाही, तुमच्याशी भांडतील. एकांतात सांगितलं तर दुसऱ्या दिवशी तेच पुढाकार घेऊन म्हणतात, ‘माझा अंदाज चुकला, बघा.’

आणि पद्धतीला काय जमत नाही तेही सांगा. कोका-कोलाने १९८५ मध्ये नवी चव आणण्यापूर्वी जवळपास दोन लाख लोकांच्या चवचाचण्या घेतल्या होत्या. नवी चव आवडते असं निघालं. एप्रिलमध्ये बाजारात आणली, लोक भडकले, जुलैमध्ये जुनी परत आणावी लागली. ‘जुनी बंद झाली तर चालेल का?’ हा प्रश्न चवीच्या चाचणीत बसत नव्हता. निपाणी-गडहिंग्लजकडे ज्या घरात तीन पिढ्या एकच चटणी आहे तिथे हा धोका खरा आहे.

तुमची कंपनी दुसऱ्या कंपन्यांना माल देत असेल तर

उद्यमबाग, मच्छे, होनग्याकडे फाउंड्रीत किंवा हायड्रॉलिक्सच्या कारखान्यात असाल तर वरचं निम्मं विसरा. तुमची गिऱ्हाइकं बोटांवर मोजण्याइतकी असतात, नमुन्याचा प्रश्नच नाही. तिथे एकच नवी पद्धत मागा: कोटेशन देऊन हुकलेल्या शेवटच्या दहा-बारा ऑर्डरींमागची कारणं, थेट खरेदी अधिकाऱ्याला विचारून. फोन विक्रीच्या माणसाने करायचा नाही, त्याला ‘रेट जास्त होता’ एवढंच सांगतात. तुमच्यासारख्या तिऱ्हाइताला खरं कारण मिळतं: ड्रॉइंगला उत्तर उशिरा आलं, पॅटर्न बदलायला वेळ लागेल असं वाटलं, टेस्ट सर्टिफिकेट अर्धवट होतं. खर्च फोनबिलाचा. अशी मागणी कुठलाही मालक नाकारत नाही.

संमती आणि नोंदी

डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा २०२३ मध्ये झाला. त्यानुसार संमती मागताना माणसाला ती इंग्रजीत किंवा राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या भाषेत वाचण्याचा पर्याय द्यायचा असतो, म्हणजे मराठी आणि कन्नड दोन्ही तयार ठेवा. फोटो-आवाज कशासाठी, किती दिवस ठेवणार, नको म्हटलं तर कुणाला सांगायचं, चार ओळींत. डायरीतले नंबर सेल्सच्या जाहिरातींच्या ग्रुपात टाकायचे नाहीत. सेल्सवाले मागतील, तरी द्यायचे नाहीत.

नकार आला तर

नकार कसला आहे ते बघा. ‘पैसे नाहीत’ असेल तर टॅलीचं काम आणि सहा दुकानांची अदलाबदल, एवढंच करा, त्याला जवळजवळ खर्च नाही. मोठी मागणी जानेवारी-फेब्रुवारीत, पुढच्या वर्षाचं अंदाजपत्रक बसण्याआधी न्या. ‘वेळ नाही’ असेल तर बहुधा निर्णय चुकीचा निवडलाय, जो घाईचा नाही तो घेऊन गेलात. दुसरा शोधा. ‘बघू’ म्हणाले तर तो नकार नसतो, पण होकारही नसतो. तेव्हा फक्त एवढंच मागा: ‘मालक, निर्णय तुम्हीच घ्या. सहा महिन्यांनी किती माल जाईल तेवढा आकडा आज लिहून द्या.’ तो लिहून देतात. तारीख टाकून अकाउंटंटकडे ठेवा, आणि सहा महिन्यांनी टॅलीतला आकडा त्याच्याशेजारी लावून पुन्हा जा, पुढच्या निर्णयाचा कागद हातात घेऊन.